अखंड ढवळत ठेवून

माझ्या नावावर एकच पेटंट आहे आणि त्याचं शीर्षक सत्तावीस शब्दांचं आहे. बायकोने ते एकदा मोठ्याने वाचायला घेतलं, मध्येच पाणी प्यायला उठली ती परत आलीच नाही. थोडक्यात सांगायचं तर, प्लास्टिकचा धागा ज्या रसायनापासून बनतो ते रसायन शुद्ध करायची ती पद्धत. गरम द्रावण सहा तास हळूहळू थंड करायचं, त्यात साखरेसारखे पांढरे दाणे धरतात, ते गाळून घ्यायचे आणि धुवायचे. घाण द्रावणातच राहते. एवढंच. पण एवढंच लिहिलं तर पेटंट कोण देणार? म्हणून मी बारा पानं लिहिली आणि पहिल्याच दाव्यात ठणकावून सांगितलं: 'द्रावण सहाही तास अखंड ढवळत ठेवून.'

'अखंड' हा शब्द माझा. तो सुचला त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश झालो की अर्धा दिवस रजा टाकून घरी गेलो.

खरं म्हणजे प्रयोगशाळेत माझे दाणे बारीक आणि पिवळट पडायचे. कारखान्यातल्या मोठ्या टाकीत, म्हणजे रिॲक्टरमध्ये, मात्र पहिल्याच बॅचला पांढरेशुभ्र दाणे आले. पेटंटमध्ये अशा ठिकाणी 'आश्चर्याची गोष्ट अशी की' असं लिहायची पद्धत आहे, तसं मी लिहिलं. पुढे कळलं की बारा पानांत तेवढंच वाक्य खरं होतं. हे आश्चर्य घडलं कशामुळे, असा प्रश्न मला पडला नाही. लोक अभिनंदन करत असताना असले प्रश्न पडत नाहीत.

रिॲक्टर चालवायचे मामा. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे मामाच म्हणायचे. तीस वर्षं ते त्या एका रिॲक्टरपाशी होते. पाइपला हात लावून तापमान सांगायचे आणि मग मी थर्मामीटर बघून ते बरोबर असल्याचं जाहीर करायचो. त्यात माझा हातभार काय, हे मला कुणी विचारलं नाही.

एक मोठी कंपनी माझी पद्धत विकत घेणार होती. त्यांची माणसं बघायला यायची होती. त्याच्या दोन आठवडे आधी मी नाक वर करून कारखान्यात चक्कर मारायला गेलो. दुपारचा एक वाजला होता. रिॲक्टरजवळ गेलो तर सगळं चिडीचूप. आतला पंखा, म्हणजे आमच्या भाषेत स्टरर, बंद. शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये मामा डबा उघडून बसले होते.

"मामा, हे बंद का?"

"जेवतोय ना साहेब. त्याची खडखड डोक्यात जाते, घास गिळवत नाही. चाळीस मिनिटांत लावतो."

"रोज बंद करता?"

"रोजच की."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या 'अखंड'ला हा माणूस रोज दुपारी चाळीस मिनिटं सुट्टी देत होता. मी वर जाऊन तक्रार लिहिली. तक्रार आणि पेटंट लिहायची कला एकच, समोरच्याला पळायला एकही वाट ठेवायची नाही. 'जाणीवपूर्वक', 'वारंवार', 'कामचुकार वृत्ती' असे सगळे ठेवणीतले शब्द मी काढले. दुसऱ्या दिवशी मामांना गोदामात पिंपांवर लेबलं चिकटवायला पाठवलं गेलं. चौकशीचं पत्र माझ्या तक्रारीच्या प्रतीसकट रजिस्टर पोस्टाने त्यांच्या घरी गेलं. निवृत्तीला सात महिने राहिले होते. आरोप सिद्ध झाला असता तर तीस वर्षांच्या नोकरीवर डाग घेऊन बाहेर पडावं लागलं असतं. हे मला माहीत होतं, तरी मी त्या दिवशी पोटभर जेवलो.

नवा ऑपरेटर आज्ञाधारक होता. सहा तास अखंड ढवळलं. रिॲक्टर उघडला तर आत पिवळट लगदा, गाळणीचं कापड तुंबलेलं. मी पाण्याला दोष दिला. दुसऱ्या दिवशीही लगदाच, मग मी पिंपांच्या पुरवठादाराला दोष दिला, नंतर नव्या ऑपरेटरला, नंतर हवेला. चौथ्या दिवशी घरी येऊन गाळणीच्या कापडाला दोष द्यायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "आता यादीत माझंच नाव राहिलंय ना?"

रविवारी मी गेल्या तीन वर्षांची लॉगबुकं घरी आणली. मामांच्या हस्ताक्षरातली ती तेलकट वहीची पानं मी कधी उघडलीच नव्हती. मी फक्त संगणकावरचा सारांश वाचायचो. जेवणाच्या टेबलावर सगळी मांडून बसलो. प्रत्येक पानावर तेच. 'एक वाजता बंद, जेवण. एक चाळीसला चालू.' आणि प्रत्येक बॅच चांगली.

तीन वर्षांत एकच बॅच फसली होती. ती मला चांगली आठवत होती, कारण हवेतल्या दमटपणावर खापर फोडणारा चार पानी अहवाल मीच लिहिला होता. त्या दिवशीच्या पानावर मामांनी लिहिलं होतं, 'दाढ दुखते. आज जेवलो नाही.'

बायको मागे उभी राहून वाचत होती. "म्हणजे तुमचं पेटंट मामांच्या डब्यावर चालत होतं."

मी तिला शास्त्र समजावलं. दाणे धरायला लागतात त्या ऐन वेळी द्रावण शांत हवं. तेव्हा ढवळत राहिलं तर दाणे मोठे व्हायच्या आधीच फुटतात आणि घाण धरून ठेवतात. बॅच सकाळी नऊला सुरू व्हायची, म्हणजे ती वेळ एकच्या सुमाराला येणार.

"कळलं. मग शोध लावला कुणी?"

"तसं म्हणायला गेलं तर ते जरा गुंतागुंतीचं आहे."

"हं," ती म्हणाली. आमच्या घरातल्या सगळ्या चर्चा या 'हं'पाशी संपतात.

आता सज्जन माणूस असता तर सोमवारी सकाळी चौकशी थांबवायला पळत गेला असता. मी सोमवारी सकाळी नव्या ऑपरेटरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, एक वाजता चाळीस मिनिटं बंद कर, वहीत लिहू नकोस. पांढरेशुभ्र दाणे आले. मंगळवारीही आले. मॅनेजरनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली. मामांनी नियम तर मोडलाच होता ना, असं मी स्वतःला दर तासाला सांगत होतो. दर तासाला सांगावं लागत होतं.

बुधवारी चौकशी होती. लांब टेबलाच्या एका टोकाला एचआरच्या बाई, दुसऱ्या टोकाला तक्रारदार म्हणून मी. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझी अजून एक आशा होती. मामांना हे गुपित ठाऊक असणार, ते आता माझं पितळ उघडं पाडणार, आणि मग मला आपणहून काही बोलायची गरज पडणार नाही.

मामा उभे राहिले. "चूक झाली बाई. कबूल आहे. तीस वर्षांत कधी बोलणी खाल्ली नव्हती. यापुढे चालू ठेवूनच जेवीन. नाहीतर जेवणारच नाही. सही कुठे करू?"

त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की खुर्चीत बसवेना.

"सही करू नका," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं, सोमवार-मंगळवारसकट. बाईंनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे तुम्ही तक्रार मागे घेताय?"

"तक्रार चुकीची आहे. पेटंटही चुकीचं आहे."

"एकेक घेऊ या," बाई म्हणाल्या.

चौकशी बंद झाली. मामा परत रिॲक्टरवर आले. येणाऱ्या कंपनीला कळवलं, त्यांनी भेट पुढे ढकलली. नवा अर्ज करायचं ठरलं, त्यात शोधकर्ता म्हणून मामांचं नाव पहिलं. मॅनेजर माझ्याशी बोलेनासे झाले. मी मामांना नव्या अर्जाची बातमी द्यायला गेलो, जणू काही मी बक्षीसच वाटत होतो.

मामांनी ऐकून घेतलं. "ते तुमचं तुम्ही बघा साहेब. माझं एक काम करा. एकदा घरी या. ते पत्र आलं ना, फार अवघड भाषेत होतं. मुलीने वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही असं करणारच नाही. पण बंद तर मीच करत होतो. तिला काय सांगू? तेव्हापासून तिच्याकडे बघवत नाही मला."

रविवारी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. मुलगी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिने पाणी आणून दिलं. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की प्रक्रियेच्या एका विशिष्ट टप्प्यावर..."

"सर," ती म्हणाली, "तेव्हा लेखी दिलं होतंत. हेही लेखी द्या."

तिने कागद-पेन पुढे ठेवलं. मी लिहिलं: 'काही तांत्रिक बाबींच्या अपुऱ्या आकलनामुळे माझ्याकडून अनवधानाने गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

तिने वाचलं. "'अनवधानाने' काढा. बसून लिहिलं होतंत ना?"

मी खोडलं.

"'शक्यता' म्हणजे काय? झाला की नाही झाला?"

"झाला."

"मग तसं लिहा. आणि गैरसमज कशाला म्हणता? आरोप होता तो."

मी नवा कागद घेतला. 'हे कामचुकार नाहीत. मी नीट न बघता आरोप केला. चांगला माल यांच्यामुळेच होत होता.'

"'हे' म्हणजे कोण?" ती म्हणाली. "पूर्ण नाव घाला."

मी पेन टेकवलं आणि थांबलो. मला मामांचं नाव येत नव्हतं. तक्रारीत लिहिताना ते फाइलमधून उतरवून घेतलं होतं, नव्या अर्जासाठी ऑफिसातल्या बाईंनी घातलं होतं. पाच वर्षं मी त्यांच्या हातचा माल स्वतःच्या नावावर मिरवत होतो. मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

तिने मामांचं नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मी एकेक शब्द लिहीत गेलो. मग सही केली.

तिने कागद उचलला आणि वडिलांना वाचून दाखवला, नावासकट, सावकाश. मामा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते.

"अजून एकदा वाच," ते म्हणाले.

तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. मी उभा राहून ऐकलं.