पाठीची नोकरी

"पाय हलवू नकोस!" ट्रॅकच्या कठड्यावरून डगन ओरडला. "लेम, लेकाच्या, इंजिन आहे ना ते! तू कशाला पॅडल मारतोस?"

लेमने पाय थांबवले. दहा हात गेल्यावर ते पुन्हा फिरू लागले. पायांनी मालकाचं बोलणं मनावर घेतलं नव्हतं.

लेम्युएल क्रोवेल ब्रॉकटनच्या लाकडी सायकल-ट्रॅकवर नऊ वर्षं एकच काम करत आला होता. शर्यतवाल्याच्या पुढे राहून वारा अडवायचा. पाच जणांच्या लांबलचक सायकलवर तो सगळ्यांत मागे बसे, कारण त्याची पाठ दरवाजाएवढी होती. त्या दरवाजाआड शर्यतवाला सुखाने पळे. शेवटची फेरी आली की पाचांनी बाजूच्या चढावर जायचं. रेघ ओलांडायची ती मागच्याने. नऊ वर्षं लेम सगळ्यांच्या पुढे होता आणि एकही शर्यत त्याने पुरी केली नव्हती. शिवाय मागे वळून बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो आणि त्या फटीतून वारा मागच्याच्या थोबाडात बसतो. मागून 'हळू!' अशी हाक आली की हळू व्हायचं, संपलं.

या वसंतात डगनने एका जोडसायकलीला पेट्रोलचं इंजिन बसवलं आणि पाचांपैकी चौघांना नारळ दिला. पुढे बसून हँडल आणि इंजिन सांभाळायला टोबी आला. इंजिनात पाचांच्या पायांचं बळ होतं, पाठ मात्र एकाचीही नव्हती. म्हणून लेम उरला.

"शनिवारी गप बसलास तर नोकरी पक्की," डगन म्हणाला. "नाहीतर बुटांचा कारखाना आहेच."

कारखान्यात लेमने सोळाव्या वर्षी चार महिने काढले होते. स्टुलावर बसून दहा तास टाचा ठोकायच्या. ठोकणं जमलं होतं, बसणं जमलं नव्हतं.

शनिवारी न्याहारीला टेबल थरथरू लागलं. त्याच्या बायकोने, हुल्डाने, कॉफीचा कप उचलून हातात धरला.

"टेबलाखाली कुत्रा आहे की तू?"

"मीच. आज नुसतं बसून राहायचंय गं."

"बसायचा पगार मिळतो? माझ्या बापाला कळायला हवं होतं. बिचाऱ्याने जन्मभर फुकट केलं."

मग ती उठली आणि कपडे वाळत घालायची दोरी कापून घेऊन आली. "बांध पाय. उगाच चर्चा नको."

ट्रॅकवर जाऊन लेमने पाय सायकलीच्या दांड्याला करकचून बांधले. दुपारी सहा हजार लोकांसमोर तो असा बसला, जणू एखाद्या सेनापतीचा पुतळा चौकातून सुटून निघाला असावा. मागे फेल्प्स, आपला शर्यतवाला. पलीकडे बोस्टनचा गडी, त्याच्या पुढे जुनी पाच जणांची सायकल. इंजिन धडधडलं. पाय तडफडले, दोरीने ऐकलं नाही. पाठ ताठ, मान समोर. इतकं चांगलं काम लेमने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

चौथ्या फेरीला फेल्प्स 'हळू!' म्हणून ओरडला. पाचव्या आणि सहाव्या फेरीलाही ओरडला. इंजिनापुढे लेमला काही ऐकू येईना आणि वळून तर बघायचं नव्हतं. शेवटच्या फेरीला टोबीने इंजिन बंद केलं, पण ते बंद झालं नाही. त्या वेगात चढावर वळायची त्याची हिंमत होईना. दोघं सरळ रेघेवरून गेले. टोप्या उडाल्या, बायका बाकांवर चढल्या. पेट्रोल संपेपर्यंत आणखी तीन फेऱ्या झाल्या. उतरता येत नसल्यामुळे लेमने सगळा मान बसूनच स्वीकारला.

"अरे, बोंबलून घसा फाटला माझा!" फेल्प्स धापा टाकत आला. "तुझी पाठ शेवटची बघितली तेव्हा मी तरुण होतो! बोस्टनवाला जिंकला ना!"

"कुणी बघितलं?" डगन म्हणाला. त्याची नजर लोकांवर होती. लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि सगळे इंजिनाकडे बघत होते. "पुढच्या शनिवारी दोन इंजिनं. एकेका माणसाची. एकमेकांशी शर्यत."

लेम दोरीची गाठ सोडत होता. "आणि त्यांच्या मागे कोण?"

"कुणी नाही."

"मग माझी पाठ?"

डगनने जरा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. "छान बसलास हं आज," तो म्हणाला. "खरंच छान."

सोमवारी लेम कारखान्यात गेला. पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, म्हणून तो बुटांच्या डिंकाने चिकट झालेल्या हातांनीच ट्रॅकवर आला. टोबीचं नवं यंत्र काही केल्या सुरू होईना.

"लेम, जरा ढकल ना!"

लेमने सीट धरून ढकललं. आधी चालत, मग पळत, मग जीव खाऊन. इंजिन एकदा खोकलं, पेटलं आणि हातातून निसटलं. पण लेम थांबला नाही. दोन्ही हात पुढे धरून, धुरातून, तो अर्धी फेरी तसाच पळत गेला.