क्लेमचे कान

"म्हाताऱ्या, तुझं मेलेलं पाखरू बघ कसं चोच वासून बसलंय." डल्सीने कॅमेऱ्याचा पडदा क्लेमच्या नाकाखाली धरला.

क्लेम हॅड्रिकने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. तळ्यात गवतासारख्या उंच वाढलेल्या बोरूच्या शेंड्यावर तपकिरी गवतपाखरू. छाती फुगलेली, चोच सताड उघडी.

"कधी काढलास?"

"आत्ता. शेजारीच होतास की! सँडविच हाणत होतास."

"गात होतं?"

"नाही, जांभई देत होतं! अरे, केवढ्यानं शीळ घालत होतं. मी मेली नवशिकी. इतके दिवस वाटायचं, कुंपणाची तार करकरतेय."

क्लेमला डल्सीचं बोलणं नीट ऐकू येत होतं. ती बारीक शीळ मात्र ऐकू आली नव्हती.

शहराचं सांडपाणी निवळवणारी ही तळी. शहाणे लोक गाडीच्या काचा वर करून पुढे जातात. पक्षी आणि पक्षिवेडे तेवढे थांबतात. गवतपाखरू बोरूत दडलेलं असतं, म्हणून ते कानांनीच मोजायचं. वसंतातल्या पहाटे काठावर उभं राहायचं आणि शिळा मोजायच्या. हे काम तीस वर्षं क्लेमकडे. तो पूर्वी न्हावी होता. गिऱ्हाइकांचं ऐकून ऐकून कान तयार झाले, असं सांगायचा. मोजणीत कुणी खोकलं तरी त्याला घरी पाठवायचा.

अलीकडे दर वसंतात तो एकच सांगत होता: गवतपाखरं संपली. पक्षिमंडळाने त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. त्या शांततेतही, खिडकीबाहेर तळं असून, क्लेमला काही ऐकू आलं नाही. मग नगरपालिकेने विचार केला, रिकामा बोरू ठेवून करायचं काय? तो उपटून तिथे पक्ष्यांचे फोटो काढायला लाकडी सज्जा बांधावा. आज सकाळीच जेसीबी येऊन उभा होता.

क्लेम त्याच्यासमोर जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"काका, बाजूला व्हा," चालक ट्रॉय वरून ओरडला. "तुमच्याच शब्दावर तर आलोय. साहेब म्हणाले, हॅड्रिकनी सांगितलंय, आत काही नाही."

"आत आहे. माझे कान गेलेत."

हे वाक्य त्याने डॉक्टरलाही म्हटलं नव्हतं. काठावरची डल्सी खाली बघू लागली.

ट्रॉयने साहेबांना फोन लावला. बराच वेळ मान डोलावून तो म्हणाला, "साहेब विचारतात, कान गेलेत तर आता कसं ऐकलंत?"

"हिनं ऐकलं. फोटो आहे."

ट्रॉयने फोटो पाहिला. "चिमणी दिसतेय."

"चिमणी तुझी सासू! चोच बघ, गातंय ते!" डल्सी कडाडली.

"फोटोत आवाज कुठं असतो, मावशी? मला वाईट वाटतं हो. पण काम आजच उरकायचंय."

"थोडा वेळ दे," क्लेम म्हणाला. "त्यांना हाकलून तरी देतो."

ट्रॉयने इंजिन बंद केलं. क्लेम कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि टाळ्या पिटू लागला. डल्सी काठावरून, आवाज येईल तिकडे बोट दाखवत होती. तो तिकडे जाऊन ओरडायचा, "ऊठ! जा! जा की!" एक पाखरू उडालं, पलीकडे गेलं, वळलं आणि परत त्याच जुडग्यात शिरलं. क्लेमने पुन्हा हाकललं. ते पुन्हा आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याच्या चोचीत अळी होती.

क्लेमने बोरू हळूच बाजूला सारून आत पाहिलं. मग तो तसाच जुळवून ठेवला.

टाळ्या थांबल्या. डल्सीचं बोट मात्र तिथेच रोखलेलं होतं.

"काका, झालं ना? या बाहेर!" ट्रॉयने हाक मारली.

क्लेम त्या जुडग्याला चिकटून, इकडे पाठ करून उभा होता.

"काका!"

ट्रॉयने भोंगा वाजवला. पलीकडच्या तळ्यावरची सगळी बदकं उडाली. क्लेम हलला नाही.

फोन पुन्हा वाजला. ट्रॉय पाण्यातल्या त्या पाठीकडे बघत राहिला.

"नाही साहेब, अजून सुरू नाही केलं," तो म्हणाला. "म्हातारा मधे उभा आहे. हाका मारतोय, पण त्याला ऐकू येत नाही."