शेवटच्या थेंबाशी

आर्विडने दिवाणखान्याची भिंत पहिल्यांदा मोजली, त्याला आता दहा वर्षं झाली. दोन खिडक्यांच्या मधली जागा. फीत लावून झाली, मग छताकडे बघत तो बराच वेळ मनाशी काही मोजत बसला. मला वाटलं, कपाट आणायचं असेल.

"कुडू," तो म्हणाला. "आफ्रिकेतलं हरीण गं. घोड्याएवढं असतं. शिंगांना अडीच पीळ."

कागदाच्या गिरणीत तेहतीस वर्षं घासलेला माणूस. दर नोव्हेंबरला विस्कॉन्सिनच्या आमच्या रानात एखादं हरीण मारायचा आणि हिवाळाभराचं मांस साठवायचा. त्याच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, ते मी विचारलं नाही. मी विचारलं, "किती?"

आमच्या घरात 'किती' मीच विचारते. शाळेच्या स्वयंपाकघराचा हिशेब मी सव्वीस वर्षं ठेवला आहे. तीनशे पोरांच्या ताटातला एक बटाटा इकडचा तिकडे झाला, तरी मला कळायचं. आर्विड मला चिकट म्हणतो. म्हणू दे. या चिकटपणानेच त्याला आफ्रिका दाखवली.

त्या दिवशी मी एक नवी वही उघडली. नामिबियातल्या एका शिकारी फार्मचं पत्रक आलं, त्यात ठळक अक्षरांत दोनच आकडे होते, दिवसाचा खर्च आणि जनावराचा दर. बाकीचे आकडे खाली बारीक अक्षरांत दडलेले. विमान, बंदुकीचा परवाना, माग काढणाऱ्याला आणि स्वयंपाकिणीला बक्षिसी, कातडं खारवण्याचे पैसे, शिंगं जहाजाने आणायचं भाडं, आणि इकडे आल्यावर पेंढा भरून देणाऱ्याची मजुरी. बंदूक हातात न धरता नुसतं बरोबर चालायचं, तर त्याचेही माझे दिवसाला दीडशे डॉलर.

"दीडशे डॉलर घेऊन मी इथेच तळ्याभोवती सात दिवस चालते," मी म्हटलं.

"मग तिथे हिशेब कोण ठेवणार?" आर्विड म्हणाला. एवढं बोलून त्याने मला जिंकलं.

आठ वर्षं लागली. बोट विकली. आर्विडने गावभरची बर्फ उडवायची यंत्रं दुरुस्त केली, मी चर्चच्या विक्रीला शेकड्यांनी केक भाजले. सगळं मिळून अठरा हजार चारशे, आणि वर अडीअडचणीला सोळाशे. कुडू एकच, दर अठ्ठावीसशे. करारातल्या एका ओळीखाली मी लाल रेघ मारून ठेवली होती. जनावराला गोळी लागून रक्त दिसलं, की ते तुमचं. हाती लागो वा न लागो, दर पुरा भरायचा.

"हे नीट वाच," मी आर्विडला म्हटलं. "एक थेंब म्हणजे अठ्ठावीसशे."

"मला नेम शिकवतेस होय?" तो हसत म्हणाला.

निघायच्या दोन आठवडे आधी जहाजवाल्यांचं पत्र आलं. भाडं चौदाशेने वाढलं होतं. मी गुपचूप भरून टाकलं. सोळाशेतून चौदाशे गेले, उरले दोनशे. आर्विड तेव्हा बूट तेल लावून उन्हात ठेवत होता आणि शीळ घालत होता. त्याला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

म्हणून त्या फार्मवर उतरल्यापासून माझा जीव टांगणीला लागलेला. बाकीच्या बायका आफ्रिकेत साप-विंचवांना भितात. मी आर्विडच्या उजव्या हाताच्या बोटाला भीत होते.

शिकारीला आम्हाला घेऊन जायचा तो फार्मचा मालक एकार्ट, उंच, उन्हाने लाल झालेला, बोलायला तुटक. आणि पुढे चालायचा नाफ्ताली. बावीस वर्षं त्याच फार्मवर माग काढतोय. साठीला आलेला, डोक्यावर विटकी लोकरी टोपी, चालताना पायाखालची काटकीसुद्धा मोडत नसे. मला तो 'मेमे' म्हणायचा. तिकडे आईला मेमे म्हणतात, आणि माझ्या वयाच्या कुठल्याही बाईलाही.

चार दिवस कुडू दिसले ते माद्या, नाही तर कोवळे नर. पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला नाफ्ताली जागच्या जागी बसला आणि एकार्टने बंदूक टेकवायला तीन काठ्यांचं तिकाटणं रोवलं. पावणेदोनशे पावलांवर, काटेरी झुडपात, ती शिंगं मलाही दिसली. आर्विडने बंदूक टेकवली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. नराने मान फिरवली आणि त्याच क्षणी बार झाला.

नर उसळला, झुडपातून धडधडत गेला आणि दिसेनासा झाला.

"कसा वाटला?" एकार्टने विचारलं.

"तो हलला," आर्विड म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. हरणाला गोळी लागून ते पळालं, की रक्ताच्या मागावर जायचं असतं. थेंब तुटक मिळतात. तेव्हा एकाने सापडलेल्या शेवटच्या थेंबाशी खांबासारखं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पुढचा थेंब शोधायचा. शोधणाऱ्यांना जागा चुकू नये म्हणून. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकेचाळीस वर्षं, हे उभं राहायचं काम माझं. थंडीने बोटं बधिर झाली, तरी आर्विड "मिळाला" म्हणेपर्यंत मी तिथून हलत नाही.

नर उभा होता तिथे आम्ही पोहोचलो. नाफ्ताली खुरांच्या खुणा बघत पुढे सरकला, त्याच्यामागे एकार्ट. आर्विड डावीकडे गेला. मी उजवीकडे चार पावलं टाकली आणि एका सपाट पांढऱ्या दगडावर मला तो दिसला. शर्टाच्या बटणाएवढा, ओला, लाल.

तोंड उघडायचं होतं. एकेचाळीस वर्षं उघडत आले होते. त्याऐवजी डोक्यात आकडे धावायला लागले. अठ्ठावीसशे गेले, हातात दोनशे, दुसरा कुडू नाही, भिंत रिकामी, आठ वर्षं पाण्यात. आणि माझा उजवा बूट त्या दगडावर जाऊन बसला.

मग मी हललेच नाही. हलणार कशी? नाफ्ताली वळून माघारी आला, माझ्यापासून हातभर अंतरावर वाकला. त्याने माझ्या बुटाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तो सरळ झाला आणि पुढे गेला. तीसेक पावलांवरून आर्विडनेही एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून दुर्बिणीची काच पुसायला लागला.

तासभर आम्ही खुरांमागे चाललो. प्रत्येक पानाकडे, प्रत्येक गवताच्या काडीकडे मी चोरासारखी बघत होते. पुढे कुठे लाल दिसलं नाही.

"हुकला," एकार्ट म्हणाला. "व्यवस्थित पळालाय. नशीब समजा. साफ हुकलेल्याला आम्ही पैसे लावत नाही."

आर्विडने बंदूक खांद्याला अडकवली.

दुपारी जेवणाला हरणाच्या मांसाचा रस्सा होता. दोन घास घेतले आणि चमचा ठेवून दिला. कुठल्यातरी झुडपाखाली ते जनावर पोटात गोळी घेऊन पडलंय, असंच डोळ्यांपुढे येत होतं. मला लाज वाटत होती, आणि तरी वही उघडून मी अठ्ठावीसशेवर बोट फिरवलं. ते अजून जागच्या जागी होते. माझी मलाच शिसारी आली.

"खात का नाहीस?" आर्विडने विचारलं.

"ऊन लागलंय."

"हं," तो म्हणाला. त्याचंही ताट तसंच होतं.

सहाव्या दिवशी दीड कोसावरच्या ओढ्यात आर्विडने कुडू मारला. एकाच गोळीत, जागच्या जागी. अडीच पीळ, टोकं पांढरी. एकार्टने त्याचा हात हातात घेऊन हलवला, फोटो काढला. आर्विड नराशेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग त्याचा हात थांबला.

डाव्या कानाला भोक होतं. बोट जाईल एवढं, कडा ताज्या, आणि मानेच्या केसांत वाळलेलं रक्त. कालचाच नर. काल त्याने मान फिरवली आणि गोळी कानातून आरपार गेली होती.

एकार्टने कान उलटसुलट करून पाहिला आणि सावकाश नाफ्तालीकडे वळला.

"हे काय आहे?"

नाफ्तालीने वाकून कान पाहिला.

"कानातून रक्त येतं. पुढचं मानेच्या केसांत जिरलं असेल, पण पहिला थेंब जमिनीवर पडतोच. काल तू तिथे गुडघ्यांवर फिरलास आणि तुला एक थेंब दिसला नाही? हा सापडला म्हणून बरं. दुसरा एखादा पोटात लागलेला असता, तर रानात सडत पडला असता आणि मी पाहुण्यांना 'हुकला' म्हणून घरी पाठवलं असतं. डोळे गेलेत तुझे. या हंगामानंतर सोलायच्या शेडमध्ये बस. माग दुसरा कुणी काढेल."

"बरं," नाफ्ताली म्हणाला. एवढंच. टोपी काढली, हातात धरली. बावीस वर्षांचं काम त्या एका शब्दात त्याने खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी आर्विडकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोलले नव्हते, जहाजाच्या भाड्याखेरीज. आत्ता बोलले तर त्याच्या कुडूवर कायमचा डाग. नाही बोलले तर या म्हाताऱ्याच्या पोटावर माझा पाय.

"त्याला दिसलं नाही, कारण त्यावर माझा पाय होता," मी म्हटलं.

एकार्टला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. पांढरा दगड, बटणाएवढा थेंब, उजवा बूट. अठ्ठावीसशे डॉलर आणि उरलेले दोनशेही सांगितले. आर्विडसमोर, सगळं.

एकार्टने कान हातातून सोडला. "नर एकच आहे, तर दरही एकच पडला असता," तो कोरडेपणाने म्हणाला. "काल ओरडला असतात, तरी आज तुम्हाला काही जास्त लागलं नसतं." मग नाफ्तालीपाशी गेला आणि त्यांच्या भाषेत हळू आवाजात काही बोलला. नाफ्तालीने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

मी आर्विडच्या बोलण्याची वाट पाहत होते. तो अजून गुडघ्यांवरच होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू उभी होतीस ना. हात पोटाशी, हलत नाहीस, इकडेतिकडे बघत नाहीस. तशी तू फक्त थेंबापाशीच उभी राहतेस, मार्लिस. एकेचाळीस वर्षं बघतोय." त्याने कानातून बोट काढलं. "मी विचारलं नाही. वाटलं, नाही विचारलं तर उद्या अजून एक गोळी मारता येईल."

मी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसले.

निघायच्या दिवशी मी बक्षिशीचं पाकीट द्यायला नाफ्तालीकडे गेले. उरलेले दोनशेही त्यात घातले होते. "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?" मी विचारलं.

"मेमे, माझ्याही घरी एक वही आहे," तो म्हणाला. "तीही बाईच्याच हातात आहे." पाकीट त्याने न मोजता खिशात घातलं.

खोकं अकरा महिन्यांनी आलं. पेंढा भरणाऱ्याचा फोन आला, तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात होतो. कानाचं भोक तो बेमालूम बुजवून देणार होता, वेगळे पैसे न घेता. आर्विडने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी नको अशी मान हलवली.

"राहू दे तसंच," आर्विड त्याला म्हणाला.

आता तो कुडू दोन खिडक्यांच्या मधे आहे. दर शनिवारी मी शिडीवर चढून त्याच्यावरची धूळ पुसते. पाहुणे आले की शिंगांचे पीळ मोजतात, आणि मग कुणीतरी कानाबद्दल विचारतंच. आर्विड म्हणतो, "तो आमच्या दोघांचा नेम." लोक हसतात. आम्ही कॉफी आणायला उठतो, दोघंही एकदमच.