वयोमानानुसार झीज

‘रुग्णाचे वय त्रेपन्न. उजव्या गुडघ्यात वयोमानानुसार झीज. मेनिस्कस शिवण्यास अयोग्य. खाली बसणे कायमचे टाळावे.’

जळगावचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. पारस यांनी माझ्या पत्नीच्या, कुसुमलताच्या, कागदावर सही-शिक्क्यानिशी नोंदवलेले हे निष्कर्ष. पहिला बिनचूक होता. तो आम्हीच त्यांना सांगितला होता.

उरलेल्यांविषयी एवढेच, की झिजेला तारीख नसते. कुसुमलताच्या दुखण्याला होती. पौषातल्या एका सकाळी जैन स्थानकात साध्वीजींना वंदना करून उठताना तिच्या गुडघ्यात टक् असा आवाज झाला. शेजारच्या बाईनेही तो ऐकला. आदल्या दिवसापर्यंत ती तीन जिने चढत होती.

“म्हणजे आता मी खुर्च्यांच्या रांगेत,” डॉ. पारस यांच्याकडून घरी येताना ती म्हणाली. वाकू न शकणाऱ्या बायका स्थानकात मागे खुर्च्यांवर बसतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही धुळे गाठले. तिथल्या डॉ. लीलाधर यांनी जळगावात काढलेल्या एमआरआयच्या पाकिटाच्या पिना काढायला चिमटा मागवला. पिना चारही जागच्या जागी होत्या. मी त्या मोजल्या.

मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चा. ती हाडाला जिथे जोडलेली असते, तिथूनच सुटली होती.

“अक्का, बठ्ठा गुडघा चांगला शे,” डॉक्टर फिल्म उजेडात धरून अहिराणीत म्हणाले; बठ्ठा म्हणजे सगळा. “एक टोक फक्त निसटेल शे. मात्र उशीर केलात, तर झीज खरोखरच होईल.”

दुर्बिणीतून, हाडात बारीक छिद्र पाडून, ते टोक टाक्यांनी पुन्हा जागी बसवले. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, सहा महिने पूर्ण दुमडायचा नाही.

“सहा आठवडे चहा तुम्ही करणार?”

“शिकेन. वाचून.”

“मग मी चहा सोडते.”

आठ महिन्यांनी, संवत्सरीच्या म्हणजे जैनांच्या क्षमायाचनेच्या दिवशी, कुसुमलता स्थानकात खुर्च्यांच्या रांगेतून उठून पुढे गेली. दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि मस्तक तिने जमिनीला टेकवले, आणि कुणाचाही हात न धरता ती उभी राहिली. आवाज झाला नाही.

प्रतिक्रमणाची प्रार्थना संपली. दाराशी डॉ. पारस हात जोडून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत होते. वर्षभराच्या चुकांची घाऊक क्षमा. तीत नावनिशी लागत नाही. कुसुमलता त्यांच्यासमोर थांबली.

“कोणत्या चुकीबद्दल, डॉक्टर?”

“सगळ्याच, भाभीजी.”

“सगळ्या नकोत. माझी तेवढी सांगा, म्हणजे मनापासून क्षमा करता येईल.”

तिला वाकताना त्यांनी पाहिले होते. मागे माणसे खोळंबली होती. त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

“फिल्म मी पाकिटातून काढलीच नाही, भाभीजी. वय वाचलं आणि लिहून टाकलं.”