चौदा पोत्यांची तूट

गोदामात गव्हाची चारशे पोती होती आणि त्यातली चौदा हवेत गेली होती. म्हणजे पोती जागच्या जागी होती, शिलाई शाबूत होती, उंदराचा दातही कुठे लागला नव्हता. पण गोदामकीपरने तपासणीआधी सगळी थप्पी काट्यावर घातली, तर चौदा पोत्यांइतकं वजन कमी भरलं. त्याने दुसऱ्या काट्यावर पुन्हा तोललं. तेच.

चोरी झालीच नव्हती हो. गहू आला तेव्हा ओलसर होता, सात महिन्यांत वाळला, आणि वाळलेलं हलकं होतं हे दोरीवर धुणं घालणाऱ्या कुणालाही कळतं. पण गहू उतरवला त्या दिवशी ओलावा मोजायचं यंत्र बंद पडलं होतं, ट्रकवाल्याने घाई लावली होती, आणि या शहाण्याने रकान्यात नेहमीचा आकडा लिहून टाकला, बारा टक्के. एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं आणि नेमका तिथेच आळस केला! आता कागदावर गहू कोरडाच आला होता.

पुढे काय होतं ते त्याने घरातच पाहिलं होतं. त्याच्याआधी त्याचे सासरे याच गोदामाचे कीपर होते, तो तेव्हा त्यांच्या हाताखाली होता. त्यांचाही माल असाच घटला, त्यांनीही कंठशोष करून सांगितलं, आणि त्यांना चोर ठरवून काढून टाकलं. त्याला बारा वर्षं झाली. म्हातारा अजून न्हाव्याच्या दुकानात जात नाही, कारण तिथे लोक गप्प होतात. मुलगीच महिन्याला त्यांचे केस कापते.

त्या मुलीला, म्हणजे आपल्या बायकोला, त्याने तूट सांगितली. ती भांडी घासत होती.

“बाबांनी पाणी मारलं नाही,” ती म्हणाली. “काय मिळालं त्यांना? तुम्ही मारा.”

तूट पाण्याने भरून काढायची, ही त्या धंद्यातली जुनी युक्ती. अट एकच, वजन झालं की माल त्याच दिवशी बाहेर पडला पाहिजे. तपासणी सोमवारी होती. रविवारी शटर ओढून तो दिवसभर झारीने शिंपडत राहिला. सातशे लिटर पाणी! संध्याकाळी पाठ मोडली होती, पण वजन भरलं होतं.

सोमवारी निरोप आला, तपासणीच्या साहेबांना ताप आलाय, तपासणी पुढच्या आठवड्यात.

तिसऱ्या दिवशी त्याने पोत्यात हात घातला, तर आतला गहू तापलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागला. पाचव्या दिवशी वास सुटला. खिडक्या उघडाव्यात तर वजन उडणार, बंद ठेवाव्यात तर गहू सडणार. तो अर्ध्या दिवसात दहादा खिडकी उघडायचा आणि दहादा लावायचा. अन्न गोड लागेना. लोकांना सांगावं तर वेडा म्हणतील म्हणून पोत्यांशीच बोलायचा, थांबा रे, चारच दिवस.

साहेब आले ते नाक चोंदलेले. त्यांना कसला वास येतोय! सगळी पोती काट्यावरून गेली, नऊ किलो कमी, तेवढी सूट नियमातच होती. साहेबांनी सही केली आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी ती मारली होती.

ट्रक दाराला लागलाच होता. ड्रायव्हरने सहज सांगितलं, माल मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जायचाय, तिथले लोक सकाळपासून फोन करतायत.

कीपरने वीस पोती ट्रकवर चढू दिली. मग खिशातली सुरी काढली आणि एकविसाव्या पोत्याची शिलाई उसवली. जमिनीवर गहू पडला नाही, हिरवट काळी ढेकळं पडली.

“मी पाणी मारलंय साहेब,” तो म्हणाला. “पण चोरी नाही केली. गहू वाळला होता.”

साहेबांनी एक ढेकूळ उचलून मुठीत दाबलं. बोटांच्या फटींतून पाणी आलं.

“हा वाळलेला?”

त्याच्याकडे उत्तर होतं, पण दाखवायला काही नव्हतं. खरोखर वाळलेला दाणा हाच एक पुरावा होता, आणि तो त्याने रविवारी स्वतःच्या हाताने भिजवला होता. साहेबांनी सही खोडली. ट्रक रिकामा परत गेला, एवढं मात्र झालं.

घरी सासऱ्यांनी बाकावर सरकून जागा दिली, तेव्हा तो ओक्साबोक्शी रडला.

महिनाअखेरीस बायकोने वडिलांचे केस कापले. मानेवरचे केस झटकले. कात्री खाली न ठेवताच ती नवऱ्याकडे वळली.

“तुम्हीही बसा,” ती म्हणाली.