अर्ध्या सुताची खोड

अहो, इकडे, इकडे बघा! सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर आडवी पडलेय ना, तीच मी. गवंड्याची लेव्हल बोलतेय. आज मला गप्प बसवतच नाहीये, पोटातला बुडबुडा नुसता थुईथुई नाचतोय!

दोन फुटांची पिवळी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात तो बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधोमध थांबला की काम सपाट, सरकला की कुठेतरी उतार. बस्स, एवढंच माझं शिक्षण. पण माणसांनी माझं नाव कुठे कुठे नेऊन चिकटवलंय, विचारू नका. डॉक्टर म्हणे साखरेची लेव्हल बघतात. पोरं फोनवर खेळताना चौथी लेव्हल पार झाली म्हणून बोंबलतात. आणि दोघं मिळून तिसऱ्याबद्दल बोलायला लागले की हमखास, "तो आपल्या लेव्हलचा नाही." का बाबांनो, त्याच्या डोक्यावर पट्टी ठेवून पाहिलीत का?

गवंड्याने मला आणलं तेव्हा त्याची लेक माझ्यापेक्षा थोडीच उंच होती. पुढे वीस वर्षं मी त्याच्या हाताखाली ओटे, जिने, भिंती तपासल्या. एकदा परांचीवरून खाली आपटले, पण काच फुटली नाही, म्हणून मीही ते मनावर घेतलं नाही.

मग गवंड्याचे गुडघे गेले आणि थापी लेकीच्या हातात आली. तरी लोकांच्या लेखी ती माल कालवणारीच. गेल्या महिन्यात एका लेथच्या कारखान्यात नव्या मशीनसाठी चौथरा बांधायचं काम आलं, तेव्हा बाप म्हणाला, "हे तू एकटीने करायचं. मी स्टुलावरून हलणार नाही." चौथरा साधला तर कारखान्यामागच्या सगळ्या शेडचं काम तिचं. बिघडला तर पुन्हा जन्मभर घमेली उचलायची.

आज सकाळी मशीन आलं. क्रेनच्या साखळीला ते लोंबकळतंय, खाली कारखान्याचा मालक उभा आणि तेवढ्यात मशीन बसवणारा फिटर आला. त्याच्या हातात माझीच जातवाली, पण आकडे दाखवणारी, चकचकीत! त्याने ती चौथऱ्यावर ठेवली आणि मान हलवली.

"खिडकीकडची बाजू दोन सूत, चांगला पाव इंच, खाली आहे. फोडा हे. मी म्हटलंच होतं, हे पोरीच्या लेव्हलचं काम नाही."

माझं नाव घेऊन माझ्याच पोरीचा अपमान! अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! स्टुलावर बाप अर्धा उठला, पण शब्द दिला होता म्हणून परत बसला.

लेक शांतपणे म्हणाली, "काका, तुमची लेव्हल जरा उलटी फिरवून ठेवा बघू. उजवं टोक डावीकडे."

"अगं, कंपनीची आहे ती!"

"असू दे. फिरवा तर."

फिरवली. आणि काय सांगू, आता दाराकडची बाजू दोन सूत खाली! चौथरा काय जागच्या जागी कुशीवर वळला? फिटरचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आता तुझी ठेव," मालक म्हणाला.

मी ऐटीत आडवी झाले. बुडबुडा अर्धा सूत खिडकीकडे. तिने मला फिरवलं. बुडबुडा अर्धा सूत दाराकडे. अरे देवा! म्हणजे मीही खोटी? धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

"हिला पडल्यापासून ही खोड आहे," लेक म्हणाली. "म्हणून मी प्रत्येक वेळी दोन्हीकडून बघते. दोन्हीकडे सारखीच चुकते, म्हणजे चौथरा बरोबर आहे. तुमचीही तेच सांगतेय, काका."

आणि मी वेडी, इतकी वर्षं समजत होते की ही मला लाडाने फिरवते!

फिटरने दोन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा फिरवल्या. शेवटी कान खाजवत म्हणाला, "उतरवा मशीन." मशीन चौथऱ्यावर बसलं ते असं, की कुठे पत्र्याचा तुकडासुद्धा खाली सारावा लागला नाही. मालक खुशीत स्टुलाकडे वळला. "मिस्त्री, शेड कधी सुरू करताय?"

"मला काय विचारता?" बाप म्हणाला. "मिस्त्री तिथे उभी आहे."

त्याचे डोळे भरले होते. मग हळूच तो लेकीला म्हणाला, "आता एक नवी लेव्हल घे गं." माझा तर बुडबुडाच थिजला.

"नको बाबा. नवीची खोड शोधत बसावी लागेल. हिची मला पाठ आहे."

ऐकलंत? चुकते हे ठाऊक असूनही ठेवलं तिने मला! तर माणसांनो, कुणाची लायकी काढायच्या आधी आपली पट्टी एकदा उलटी फिरवून बघत जा, एवढंच मागणं. चला, मिस्त्रीने हाक मारली. येते मी, शेडचा पहिला कोपरा धरायचाय!