वेलांटी

शाळेच्या गाण्यातली एक वेलांटी ठेवायची की पुसायची, यावर वाद घालता घालता समितीचा चहा गार झाला.

शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. फाटकाशी दगडी पाटी बसवायची आणि तिच्यावर शाळेचं गाणं कोरायचं, असं ठरलं होतं. गाणं पहिल्या मुख्याध्यापकांनी रचलेलं. ते जाऊन जमाना झाला. नव्या मुख्याध्यापिकाबाई हौशी. त्या थेट त्या पहिल्या मुख्याध्यापकांच्या म्हाताऱ्या लेकीच्या घरी गेल्या, तिच्याकडून मूळ गाणं म्हणवून घेतलं आणि तिथेच घोळ उघडा पडला. मूळ ओळ होती, 'ओलांडुनिया उंबरा हा, निघू पुढे, न वळू मागे.' आणि शाळा गेली वीसेक वर्षं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, 'निघू पुढे नि वळू मागे.'

"म्हणजे पुढे निघायचं आणि लगेच मागे फिरायचं?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "ही शाळा आहे की झोपाळा?"

सगळे हसले. हसले नाहीत ते दोघं. एक खेळाचे सर, ज्यांना अख्खी शाळा गोटीसर म्हणायची. आणि दुसरी ती. शाळेची माजी विद्यार्थिनी, इतिहासाची पदवीधर, समोरच्याच इमारतीत राहणारी, म्हणून स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलेलं.

ती 'नि' कुठून आली हे त्या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक होतं.

ती चूक तिच्या दादाची होती. दादा म्हणजे उशिराचा बादशहा. घर शाळेच्या समोर, आणि तरी रोज उशीर. "लांबची मुलं वेळेवर येतात, कारण त्यांना निघावं लागतं. मला नुसतं पोचायचंच असतं," असं त्याचं तर्कशास्त्र. शाळेचा नियम असा, की घंटेनंतर फाटक बंद. उशिरा आलेल्यांनी बाहेर रस्त्यावर उभं राहून गाणं म्हणायचं, ते संपलं की आत. त्यामुळे दादा ते गाणं शिकला फाटकाबाहेर, सायकलींच्या घंटा आणि भांडीवाल्याच्या आरोळ्यांमधून जेवढं कानावर पडेल तेवढं. 'न'चं 'नि' तिथेच झालं. पुढे आवाज फुटला तो असा गोड, की संगीताच्या बाईंनी त्याला गॅदरिंगला मधोमध उभा केला. त्याने भर सभागृहात 'नि वळू मागे' म्हटलं, आणि मागच्या पोरांनी मेंढरांसारखं तेच म्हटलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, सोमवारी तुझ्यासकट सगळ्यांचं सुधारून घेते."

ते सुधारायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात नववीची पदभ्रमणाची सहल होती. डोंगरापलीकडचा ओढा ओलांडायचा होता. दादा लांब ढांगांचा, सगळ्यांत आधी पैलतीरी पोचला. मागे वळून बघतो, तर वर्गातला गोटी, म्हणजे आताचे गोटीसर, मधल्या खडकावर थरथरत उभा. दादा परत पाण्यात उतरला. गोटीला हाताला धरून आणलं, काठावर ढकललं. आणि तेवढ्यात वरून लोंढा आला.

तिने स्मरणिकेत लिहिलं होतं: 'काही अपरिहार्य कारणास्तव पदभ्रमण हा उपक्रम थांबवण्यात आला.' भित्तिपत्रकावर, ढोलपथकावर, विज्ञान प्रदर्शनात तपासनीसांच्या बुटांवर सांडलेल्या ज्वालामुखीवर तिने पानंच्या पानं लिहिली. या एका वाक्याला मात्र तिला आठवडा लागला.

त्यानंतर गाण्यातली चूक सुधारायची हिंमत कोणालाच झाली नाही. संगीताच्या बाई निवृत्त झाल्या. नवी मुलं जुन्या मुलांकडून शिकत गेली, आणि चूक वडिलोपार्जित झाली.

"पाटीवर 'नि'च राहू द्या," गोटीसर म्हणाले. एरवी मैदानभर घुमणारा त्यांचा आवाज टेबलापलीकडेही जाईना. "सगळे पुढेच निघाले असते, तर मी इथे बसलो नसतो."

तिने मुख्याध्यापिकाबाईंच्या कानात थोडक्यात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं हो. मग यात माझं मत कशाला? तुमच्या आई म्हणतील तसं कोरू."

ती निर्धास्त होऊन घरी आली. आईचं मत विचारायची गरज काय होती? नवऱ्याने किती वेळा म्हटलं, की जरा मोठं घर बघू. आई हलायला तयार नव्हती. कारण रोज सकाळी प्रार्थनेची घंटा झाली, की आई हातातलं काम टाकून खिडकी उघडायची. गज धरून शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहायची, मग खिडकी लावून घ्यायची. एक शब्द बोलायची नाही. अख्ख्या घराने त्या वेळी पाय न वाजवता चालायचं, हे तिच्या लहानग्या चिमीलासुद्धा कळत होतं. दादाची तेवढीच तर खूण उरली होती. शंभर गळ्यांतून रोज उठणारी त्याची एक चूक.

चिमी जमिनीवर रंगकांड्या पसरून बसली होती. तिने आधी चिमीच्या तोंडात काही नाही ना ते पाहिलं, मग खिडकीची कडी पाहिली, मग आईजवळ बसून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी सांगते त्यांना, 'नि'च ठेवा म्हणून."

आई शेंगा निवडत होती. हात थांबला नाही.

"'न' करायला सांग."

"आई, अगं, तुला कळलं का? 'न' म्हणजे मूळचं. दादाचं 'नि'..."

"कळलं. बहिरी नाही झाले अजून." आईने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मी का उभी राहते रोज तिथे, काय वाटतं तुला?"

एवढी वर्षं उत्तर घेऊनच तर ती वावरत होती.

"कोणीतरी कधीतरी सुधारेल, म्हणून उभी राहते. आज सुधारलं का, बघते. आणि ती एवढी एवढी लेकरं, आयांनी वेण्या घालून पाठवलेली, रोज म्हणतात, वळू मागे, वळू मागे. माझं पोर पोचलं होतं गं. पार पोचलं होतं. पाय कोरडे व्हायला लागले असतील त्याचे." आईचा आवाज मुळीच कापला नाही, हेच तिला सहन होईना. "वळलं म्हणून गेलं."

"पण मग गोटी..."

"गोटीच्या आईला विचारशील, तर ती 'नि' म्हणेल. म्हणू दे. तिचंही खरं आहे. तू मला विचारलंस." आईने पुढची शेंग उचलली. "आणि तू तुझ्या चिमीला काय शिकवशील? काठावर पोचल्यावर काय कर म्हणशील? खरं सांग."

तिने चिमीकडे पाहिलं. चिमी रस्त्याच्या कडेने चालते तेव्हा तिचं मनगट लाल होईपर्यंत आवळणारी ती.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या मैदानावर जाऊन गोटीसरांना सांगितलं. ते चुन्याने धावपट्ट्या आखत होते.

"काकू असं म्हणाल्या?" त्यांनी फक्की खाली ठेवली. वीस वर्षांत आई त्यांच्याशी बोलली नव्हती. रस्त्यात दिसले, तर पदर सारखा करून पुढे जायची. "बरोबर आहे त्यांचं. मुंगे, एवढी वर्षं मला वाटायचं, त्यांना तो शब्द ऐकून बरं वाटत असेल. तेवढंच माझ्याकडून, म्हणून मी पोरांकडून जोरात म्हणून घ्यायचो."

मुंगी हे नाव दादाने ठेवलेलं. ते उच्चारणारं आता दुसरं कोणीच उरलं नव्हतं.

मग महिनाभर गोटीसरांनीच मुलांकडून नवा शब्द घोटून घेतला. पोरं चुकायची, जिभेला वळण पडलेलं. "न! न! नाकातला न!" सर ओरडायचे. "परत म्हणा." सोहळ्याच्या दिवशी पाटीवरचं कापड निघालं. 'न' स्वच्छ कोरलेला होता, डोक्यावर काही नाही. मुलांनी एकही चूक केली नाही. त्या ओळीला गोटीसरांचे ओठ मिटलेले होते. तिचेही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आई आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. आईने खिडकी उघडली. ती चिमीचा भांग पाडत होती, तिचा कंगवा केसांतच राहिला. गाणं सुरू झालं, वर चढलं, शेवटच्या ओळीवर आलं. 'निघू पुढे, न वळू मागे.' एकसुरात, शुद्ध.

आईने गज सोडले नाहीत.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तिने हळूच विचारलं.

"झालं." आई शाळेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "छान म्हणतात. कोणाच्याही शाळेचं वाटतं."

आईचे खांदे एकदम लहान दिसले. ती उठून जवळ गेली, पण हात ठेवायचं धाडस होईना. आईने खिडकी लावायला कडीला हात घातला, तेवढ्यात खाली रस्त्यावर, बंद फाटकाबाहेर, मागे पडलेल्या दोनचार आवाजांनी धापा टाकत तीच ओळ घेतली. एक रिक्षा भोंगा वाजवत मधून गेली. आणि त्या गोंगाटातून वर आलं, '...पुढे नि वळू मागे.'

आईचा हात कडीवरच राहिला.

"उशिरा आलंय कोणीतरी," आई म्हणाली.

त्या दिवशी खिडकी दुपारपर्यंत उघडीच होती.